म्युझियमचं तिकीट परवडतं, जाणं परवडत नाही: वस्तीतल्या कुटुंबांसाठी देणगीतून म्युझियम-भेट कशी उभी करायची

आमचा ग्रुप छोटा आहे. मानखुर्दच्या बाजूला एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, सात-आठ जण आहोत, सगळे नोकरी करून. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की पोरांना आणि त्यांच्या आईबाबांना एकत्र म्युझियमला न्यायचं. एका ओळखीच्यांनी लगेच तिकिटांचे पैसे दिले, वीस तिकिटं काढायची तयारी झाली आणि आली फक्त सात माणसं. आम्हाला वाटलं लोकांना इंटरेस्टच नाहीये. मग एका ताईंनी सरळ सांगितलं, "अहो दादा, तिकीट तुम्ही दिलं, पण स्टेशनपर्यंतची रिक्षा, लोकल, पोरांनी बाहेर काहीतरी मागितलं तर ते, आणि माझा एक खाडा, हे कोण देणार?" त्या दिवसापासून आमचं सगळं गणित बदललं. हा लेख त्या बदललेल्या गणिताबद्दल आहे. उदाहरणं मुंबईची आहेत कारण आम्हाला मुंबई माहितीये, पण पुणे, नागपूर, कोल्हापूर कुठेही हीच पद्धत चालेल.

आधी खर्च खरा लिहा

चार माणसांचं कुटुंब धरा, दोन मोठे, दोन पोरं. समजा तिकीट मोठ्यांना १०० आणि पोरांना ४० आहे, म्हणजे २८० रुपये. आता बाकीचं बघा. वस्तीतून स्टेशनला शेअर रिक्षा, जाऊन-येऊन ८०. लोकल साधारण ६० (५ ते १२ वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट आणि ५ च्या खाली फुकट, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं आणि उगाच पूर्ण तिकीट काढतात). खाणं माणशी ८० धरलं तर ३२०. आणि घरातल्या एकाचा जरी खाडा झाला तरी ६०० रुपये गेले. सगळं मिळून १३४० होतात, त्यात तिकीट फक्त पाचवा हिस्सा. म्हणजे तुम्ही "फ्री एंट्री" मिळवून आणली तरी त्या कुटुंबासाठी ही अजून हजार रुपयांची सहल आहे.

घारापुरीची लेणी (एलिफंटा) तर याचं सगळ्यात भारी उदाहरण. पुरातत्त्व खात्याच्या जागांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, मोठ्यांचंही तिकीट जास्त नाही, पण गेटवेवरून लाँचचं भाडं त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे देणगी मागताना "तिकिटासाठी मदत करा" असं कधीच लिहू नका. "घरापासून घरापर्यंत" खर्च मागा. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

खाड्याचं नुकसान मात्र रोख पैशात भरून देऊ नका, देणगीदाराला ते समजावता येत नाही आणि वस्तीत त्यावरून भांडणं होतात. त्यापेक्षा दिवस नीट निवडा. आमच्याकडे मिस्त्री-बिगारी काम करणाऱ्यांची सुट्टी अमावास्येला असते, घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारी दुपारनंतर थोडी मोकळीक मिळते, आणि हे तुम्हाला कोणत्याही कॅलेंडरमधे दिसणार नाही, वस्तीत बसून विचारावं लागतं. आम्ही एकदा मोठ्या हुशारीने अमावास्या गाठली आणि ती निघाली बुधवारी. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम आणि शेजारचं प्राणिसंग्रहालय राणीबाग, दोन्ही बुधवारी बंद असतात.

कुठे जायचं

पहिल्या खेपेला आम्ही भाऊ दाजी लाडच सुचवतो. मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, आकाराने छोटं, तासा-दीड तासात होतं, पोरं कंटाळायच्या आत बाहेर. आत मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती आहेत, जुन्या मुंबईतले वेगवेगळे लोक, त्यांचे कपडे, त्यांचे धंदे, ते बघताना आज्या जे बोलायला लागतात ते ऐकण्यासारखं असतं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. आणि शेजारीच राणीबाग, म्हणजे पोरांना पेंग्विनचं आमिष दाखवता येतं. (तिथलं तिकीट वेगळं, ते बजेटमधे धरा. आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो आणि गेटवर पोरांचे चेहरे बघून खिशातून भरले.)

या म्युझियमची अजून एक गोष्ट मला देणगीदारांना सांगायला आवडते. १८६२ मधे पायाभरणी झाली, १८७२ मधे लोकांसाठी खुलं झालं, आणि त्यासाठी डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट वगैरे मंडळींनी लोकांकडून वर्गणी जमवली होती. १९७५ मधे त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. नंतर इमारतीची पार रया गेली होती, तेव्हा २००३ ते २००८ मधे महापालिका, इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ती दुरुस्त केली. म्हणजे दोन वेळा ही वास्तू देणगीतून उभी राहिली. माझी तक्रार एवढीच की भिंतीसाठी देणगी सहज मिळते कारण भिंतीवर नाव लागतं, भिंत बघायला येणाऱ्या माणसाच्या रिक्षाभाड्यावर कोणाचं नाव लावणार!

दुसऱ्या खेपेला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. हे मोठं आहे, १९२२ मधे लोकांसाठी उघडलं, आणि सगळं बघायला गेलात तर दुपारी चारला पोरं फरशीवर लोळतील. दोनच दालनं ठरवा. आमची ठरलेली आहेत: प्राणी-पक्ष्यांचं दालन आणि शस्त्रांचं, तिथे अकबराचं चिलखत आहे. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर हात लावून बघण्यासारखं असल्यामुळे पोरांना सगळ्यात आवडतं, पण आईबाबा बाजूला बसून राहतात असा आमचा अनुभव. मणिभवन छोटं आणि शांत आहे, गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे राहायचे, आठवी-नववीच्या मुलांना न्यायला चांगलं. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर म्युझियम डोळे झाकून निवडा, अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, सगळं घरातलं, कुणाला समजावून सांगायची गरजच पडत नाही.

सवलतीसाठी काय करायचं? फोन, मग ईमेल, मग प्रत्यक्ष जाऊन पत्राची पोच. तिन्ही. म्युझियमांमधे शाळांच्या ग्रुपसाठी वेगळे दर असतात पण "कुटुंबांचा ग्रुप" हा प्रकार काउंटरवरच्या माणसाला माहिती नसतो, म्हणून एज्युकेशन विभागाशी बोला, तिकीट खिडकीशी नाही. पत्र असं लिहा:

"आमची संस्था अमुक वस्तीत अभ्यासिका चालवते. दि. __ रोजी सकाळी ११ वाजता १० कुटुंबं (१८ मोठे, २२ मुलं) म्युझियम पाहायला येणार आहेत. सोबत आमचे ४ कार्यकर्ते असतील. शाळांच्या गटाला असलेला दर या गटाला मिळावा, आणि मराठी किंवा हिंदीत पाऊण तास माहिती देणारं कोणी उपलब्ध असल्यास कळवावं ही विनंती. डबा खायला आवारात जागा असेल तर तीही सांगावी."

डब्याची जागा विचारायला लाजू नका. त्या एका वाक्याने माणशी ८० रुपये वाचतात.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून पाळतात, त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी एंट्री फुकट असते किंवा खास कार्यक्रम असतात. ऐकायला छान वाटतं, पण मे महिन्यात आमची निम्मी वस्ती गावाला गेलेली असते आणि उरलेली निम्मी उन्हाने हैराण. आमचा सीझन जुलैअखेर ते फेब्रुवारी.

पैसे कोणाच्या नावावर येणार?

इथे बरेच ग्रुप अडकतात. तुमची नोंदणी नसेल तर मोठी ग्रँट विसरा. दोन रस्ते आहेत. एक, ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, पॅन काढा, बँक खातं उघडा, इन्कम टॅक्सची नोंदणी घ्या (लोक अजून ज्याला १२ए आणि ८०जी म्हणतात ती; पहिलीने संस्थेला करसवलत, दुसरीने देणगीदाराला), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांची सरकारी यादी) नाव घाला. याला महिने लागतात, सीए लागतो. दोन, आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली काम करा. म्हणजे अर्ज त्यांच्या नावाने, पैसे त्यांच्या खात्यात, काम तुमचं. आम्ही पहिली तीन वर्षं हेच केलं. फक्त एक साधा लेखी करार करा, कोण खर्चाला मंजुरी देणार, बिलं कोण ठेवणार, किती दिवसांत पैसे मिळणार. आम्ही एका संस्थेबरोबर तोंडी बोलणीवर काम केलं होतं आणि सहल होऊन चार महिने झाले तरी पैसे सुटले नव्हते, आमच्यातल्या एकीच्या क्रेडिट कार्डवर सगळं बसलं होतं. मैत्री राहिली पण फोन उचलणं कमी झालं.

आणि नुसती दारोदार वर्गणी काढायची असेल तरी गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते हे लक्षात घ्या. परदेशातला कोणी मित्र "मी डॉलर पाठवतो" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा, परकीय देणग्यांसाठी एफसीआरए या कायद्याखाली नोंदणी लागते, त्याशिवाय घेतलं तर भलतंच लफडं होतं.

मागायचं कोणाकडे

सगळ्यात आधी जवळच्यांकडे. १०,००० रुपयांच्या सहलीसाठी कंपनीच्या सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) ऑफिसात सहा चकरा मारणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. रोटरी किंवा लायन्स क्लब, तुमच्या भागातली सहकारी बँक (यांच्याकडे नफ्यातून देणग्यांसाठी थोडी रक्कम बाजूला काढलेली असू शकते, शाखेत विचारायचं नाही, हेड ऑफिसला पत्र द्यायचं), चांगलं काम करणारं गणेशोत्सव मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ. वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या स्मरणार्थ "एका कुटुंबाची सहल" द्या असं सांगितलं की लोकांना पटकन कळतं. आमच्या हिशोबात खाडा सोडून एका कुटुंबाचे ७४० रुपये होतात, एवढा आकडा माणूस चहा पिता पिता हो म्हणू शकतो. २,००० च्या वर रोख घेऊ नका, देणाऱ्याला टॅक्समधे सूट मिळत नाही, मग त्याचीच चिडचिड.

सीएसआर कधी? वर्षभराचा कार्यक्रम असेल तेव्हा. कायदा असा आहे की ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. कोणत्या कामांवर, त्याची यादी सातव्या परिशिष्टात आहे आणि त्यात शिक्षण पण आहे आणि राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती पण आहे. तुमचं काम दोन्हीत बसतं, पण अर्जात एकच धरा, शिक्षण धरा, कारण वारसा म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर पडक्या किल्ल्याची डागडुजी येते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीकडून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, आणि बाहेरच्या (म्हणजे कंपनीने स्वतः न काढलेल्या) संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. दुसरं, एकदाच होणारा इव्हेंट सीएसआरमधे धरत नाहीत, मॅरेथॉन, बक्षीस समारंभ वगैरे सरकारने २०१४ च्या परिपत्रकातच बाहेर काढलेत. म्हणून "४० मुलांची एक दिवसाची सहल" असा अर्ज गेला की संपलं. तोच अर्ज "३० कुटुंबं, वर्षात दोन भेटी, प्रत्येक भेटीआधी आणि नंतर अभ्यासिकेत एक सत्र" असा लिहिला की तो कार्यक्रम होतो. आणि खरं सांगायचं तर काम पण तसंच चांगलं होतं. अर्ज डिसेंबरच्या आत पोचवा. फेब्रुवारी-मार्चमधे कंपन्या पैसे संपवायच्या घाईत असतात खऱ्या, पण तेव्हा तुमच्या हातात दोन आठवड्यांत खर्च करा म्हणून रक्कम येते आणि दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात.

बजेटचा कागद

आमचा एका सहलीचा कागद असा असतो. १० कुटुंबं, प्रत्येकी तिकीट २८०, रिक्षा ८०, लोकल ६०, खाणं ३२०, म्हणजे ७४० गुणिले दहा, ७,४००. चार कार्यकर्त्यांचे प्रत्येकी २२०, एकूण ८८०. ओळखपत्रं, प्रथमोपचार, झेरॉक्स ७००. आधी एकदा दोघांनी जाऊन रेकी करून यायचे ५००. अडीअडचणीला ५२०. बरोबर १०,०००. वर्षाला सहा सहली, ६०,०००. तिकिटाचे दर बदलत असतात, अर्ज पाठवायच्या आठवड्यात फोन करून ताजे दर घाला, मागच्या वर्षीचा आकडा टाकलात तर फरक तुमच्या खिशातून.

रेकीचे ५०० बघून एका देणगीदाराने भुवया उंचावल्या होत्या. त्यांना म्हटलं, टॉयलेट कुठे आहे, पिण्याचं पाणी आहे का, व्हीलचेअर जाईल का, लॉकरमधे चाळीस माणसांच्या पिशव्या मावतील का, हे आधी बघितलं नाही तर त्या दिवशी पन्नास माणसं उन्हात उभी राहतात. पटलं त्यांना.

अर्जात गरज लिहिताना रडगाणं लावू नका. "ही मुलं अंधारात आहेत, तुम्ही प्रकाश व्हा" असलं काही वाचलं की मला तर अर्ज फाडावासा वाटतो. त्याऐवजी लिहा: "वस्तीपासून म्युझियम २० किलोमीटरवर आहे. आमच्या अभ्यासिकेतल्या ३८ पैकी ३१ मुलांनी अजून एकही म्युझियम पाहिलेलं नाही. तिकीट २८० आणि बाकी खर्च ४६०." तुमचे स्वतःचे आकडे मोजून घाला, एका संध्याकाळी वर्गात हात वर करायला सांगितलं की झालं.

कुटुंबं निवडताना

पुरावे मागू नका. फार तर पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड बघा, तेही देणगीदाराने अट घातली असेल तरच, आणि झेरॉक्स न घेता रजिस्टरमधे फक्त टिक करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागायचा म्हणजे माणसाचा अजून एक खाडा. अमेरिकेत २०१४ पासून "म्युझियम्स फॉर ऑल" नावाची योजना आहे, सरकारी अन्न-मदतीचं जे कार्ड लोकांकडे आधीच असतं ते खिडकीवर दाखवलं की चार जणांपर्यंत एंट्री फुकट किंवा जास्तीत जास्त ३ डॉलर, वेगळा अर्ज नाही, चौकशी नाही. आपल्याकडे रेशनकार्डावर असं काही का होऊ नये हा प्रश्न मी जिथे जाईन तिथे विचारतो.

आम्ही सोपं करतो, अभ्यासिकेत येणाऱ्या सगळ्यांना विचारतो, जास्त नावं आली तर चिठ्ठ्या टाकतो, राहिलेल्यांचा नंबर पुढच्या सहलीला पक्का. आणि "गरिबांसाठी सहल" असं कुठेही म्हणत नाही, "अभ्यासिकेची सहल" म्हणतो. शक्य असेल तर माणशी १० रुपये घ्या. फुकट म्हटलं की आयत्या वेळी लोक येत नाहीत, दहा रुपये दिले की आजीसुद्धा साडेआठला तयार होऊन बसते.

त्या दिवशी

एकच जागा, एकच वेळ, आणि ती वेळ खऱ्या वेळेच्या अर्धा तास आधीची सांगा. भायखळ्याला जायचं तर हार्बरने कुर्ला आणि तिथून गाडी बदलून. कुर्ल्याचा पूल हा सगळ्या सहलीतला सगळ्यात धोकादायक टप्पा आहे, तिथे चार कार्यकर्ते चार बाजूंना. पोरांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर मुलाचं पूर्ण नाव-पत्ता नको, फक्त अभ्यासिकेचं नाव आणि कार्यकर्त्याचा नंबर.

आत गेल्यावर पोरांना काम द्या, नाहीतर नुसती पळापळ. "हत्ती किती सापडतात मोजा", "घरात आहे अशी एक वस्तू शोधा". मोठ्यांना खुर्ची कुठे आहे ते दाखवा. गार्डशी आधीच बोलून ठेवा. एका ठिकाणी आमच्यातल्या एका बाईंना गार्डने "कुठे चाललात?" असं विचारलं होतं, तिकीट हातात असताना, त्यांच्या पुढे गेलेल्या कॉलेजच्या पोरांना काहीच नाही. तेव्हापासून प्रत्येक दालनाच्या दारात आमचा एक जण आधी पोचतो आणि हसून सांगतो, आमचा ग्रुप येतोय. असं करावं लागू नये, पण लागतं.

बॅनर नेऊ नका. देणगीदाराला फोटो हवा असेल तर म्युझियमच्या पायऱ्यांवर एक ग्रुप फोटो, आईबाबांना आधी विचारून, हातात फलक न देता. हे अर्जातच लिहून टाका म्हणजे नंतर वाद नाही.

हिशोब

बिलं त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर टाका, दुसऱ्या दिवशी अर्धी हरवतात. रिक्षावाला बिल देत नाही, त्यासाठी छापील व्हाउचर ठेवा, तारीख, रक्कम, कुठून कुठे, दोन सह्या. पंधरा दिवसांच्या आत देणगीदाराला एक पानी रिपोर्ट, खर्चाचा तक्ता, आणि मोठी ग्रँट असेल तर सीएच्या सहीचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचा दाखला). रिपोर्टला मुलांची दोन चित्रं जोडा. आमच्या एका पोराने अख्खं म्युझियम सोडून कुर्ल्याचा पूलच काढला होता, तेच चित्र बँकेच्या साहेबांनी केबिनमधे लावलंय.

आणि कितीही करून ज्यांना बाहेर पडणं जमतच नाही, घरात आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, त्यांच्यासाठी म्युझियमच बोलवा. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची "म्युझियम ऑन व्हील्स" बस २०१५ पासून फिरते, सिटी बँकेच्या मदतीने सुरू झाली, शाळा आणि संस्थांकडे जाते. आधी पत्र द्यायचं, आणि बस उभी राहील एवढी मोकळी जागा मोजून ठेवायची. आमच्या वस्तीत तेवढा रस्ताच नाही, त्यामुळे आम्ही जवळच्या महापालिका शाळेच्या मैदानासाठी मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय.